ठाणेदारीणबाईंची घसरगुंडी

मनालीनं ज्या दिवशी दोनशेपानी वहीच्या पहिल्या पानावर 'कोंबड्यांचा सामाजिक अभ्यास' असं लिहून त्याखाली स्केचपेननं दोन ठसठशीत रेघा ओढल्या, त्या दिवसापर्यंत घरच्या सहाही कोंबड्या ठणठणीत होत्या. हे मनालीचं मत नव्हे. हे तिच्या आईनं, निर्मलाबाईंनी, पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं फक्त ओटीपी मागितला होता.

तसा दोष मनालीचाही नव्हता. दोष असलाच तर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेचा. तिथे तिला दुसरा नंबर मिळाला आणि जन्मात पहिल्यांदा हातातला माइक थरथरला नाही. तेव्हापासून नववीतली ही मुलगी साध्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा "याचे तीन पैलू आहेत" असं सुरू करायला लागली. आई विचारायची, "भात वाढू का?" आणि पैलू संपेपर्यंत भात गार व्हायचा. त्यात विज्ञानाच्या अतुल सरांनी वर्गात जाहीर केलं, की यंदा प्रदर्शनात कोणी थर्माकोलचा ज्वालामुखी आणला तर तो त्याच्याच घरी नेऊन फोडीन. घरात, अंगणात, शेतात जे दिसतं त्यावर काम करा. मनालीच्या घरी, म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या प्लॉट नंबर सत्तावीसवर, अंगणात दिसत होत्या सहा कोंबड्या, एक कोंबडा आणि बाबांची सुरू न होणारी स्कूटर. स्कूटरवर बाबांनी आधीच भरपूर संशोधन केलं होतं. म्हणून मग कोंबड्या.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. पद्धत एकदम शास्त्रशुद्ध होती. सकाळी घमेल्यात कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, टाकायची, उलट्या बादलीवर बसायचं आणि कोण कोणाला टोचतं ते वहीत मांडायचं. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. पहिल्या नंबरावर ठाणेदारीण. तांबूस, जाडजूड, चालताना कमरेवर हात ठेवल्यासारखी, आणि डोक्यावर तुरा असा लालभडक की लांबून वाटावं बाईनं जास्वंद खोवलीय. ती कधी धावत नसे. ती यायची, बाकीच्या बाजूला व्हायच्या. नाहीच कोणी झालं, तर दोन नंबरच्या भुरीला मानेवर एकच टोच. भुरी तो राग तिसऱ्या कवडीवर काढायची, कवडी चौथ्या काळीवर, काळी पाचव्या लांबमानीवर आणि लांबमानी सहाव्या चिमणीवर. चिमणीच्या खाली कोणी नव्हतं. ती जाऊन न्हाणीची भिंत टोचायची. नवरदेव नावाचा कोंबडा या भानगडीत पडत नसे. तो उंच जागा पाहून आरवायचा आणि हे सगळं आपल्यामुळेच चाललंय असा चेहरा करायचा.

"याले आमच्या ऑफिसात योग्य मार्गानं टपाल म्हणते," बाबा म्हणाले. बाबा म्हणजे तुलाराम, तहसीलमधले बाबू. "मोठे साहेब छोट्या साहेबाले बोलते, छोटे साहेब मले बोलते."

"अन् तुम्ही?"

बाबांनी आईकडे पाहिलं, आणि आईनं बाबांकडे पाहिलं.

"ऑफिसात भिंती आहेत नं, बेटा," बाबा म्हणाले.

ठाणेदारीण मनालीची होती. घरच्या बाकी कोंबड्या आईच्या, पण ही नाही. मनाली सातवीत असताना तिनं हे पिल्लू मांजरीच्या तोंडातून ओढून काढलं होतं. मांजर ओरबाडत होती, मनाली रडत होती आणि पिल्लू मात्र मांजरीच्या मिशीला टोचत होतं. पुढे ठाणेदारीण होणार हे तिथेच कळलं होतं. पंधरा दिवस ते बुटाच्या खोक्यात मनालीच्या उशाशी झोपलं. अजूनही मनाली अभ्यासाला ओट्यावर बसली की ठाणेदारीण शेजारी येऊन पसरायची आणि भूगोलाच्या पुस्तकावर शिटायची. गणिताच्या पुस्तकाला तिनं कधी हात, म्हणजे काहीच, लावलं नाही.

तर सोमवारी काय झालं, शेजारच्या शकुनकाकूंच्या वाडीत कोवळा सांबार उगवला होता (पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात आणि आपल्याला इडलीबरोबरचं सांबार समजून हसतात, तोच). ठाणेदारीण रोजच्या पाहणीसाठी काट्याच्या कुंपणातून आत शिरली. निघताना तुऱ्याला काटा लागला. रक्ताचा एक थेंब आला. मनालीच्या लक्षात येण्याआधी आई वाटीत हळद-तेल कालवून हजर झाली होती. निर्मलाबाईंच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत : हळद लावलेल्या आणि अजून लावायच्या राहिलेल्या. त्यांनी एका थेंबापुरती लावली असती तरी चाललं असतं, पण वाटीत उरली होती. उरलेली टाकायची कशी? सगळा तुरा, गाल आणि गळ्याखालची लोळी पिवळीधमक झाली.

अर्ध्या तासानं मनालीनं कनकी टाकली. ठाणेदारीण नेहमीच्या चालीनं आली. आणि कोणी बाजूला झालं नाही.

भुरीनं मान तिरकी करून एका डोळ्यानं पाहिलं. मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. मग तिनं ठाणेदारिणीला, सगळ्या अंगणादेखत, फाडकन टोचलं. ठाणेदारीण इतकी थक्क झाली की तिनं उलट टोचलंसुद्धा नाही. एखाद्या साहेबाला चपराश्यानं 'ए, सरक' म्हणावं तशी ती सरकली.

मनालीनं वहीत लिहिलं : 'नंबर १ वरून नंबर २.' मग मोबाइलवर वाचलेलं एक वाक्य तिला आठवलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. ती घरात गेली.

"आई, याचे तीन पैलू आहेत."

"एकच सांग. कुकर लावला आहे."

"कळपात कोंबडीचा नंबर घसरला, की ती आतून बिमार असते. बाहेरून दिसाच्या आधी बाकीच्या कोंबड्यायले समजते. ठाणेदारीण बिमार आहे आई. आतून!"

हे वाक्य मनालीनं माइकसमोर बोलावं तसं टाकलं. पुढच्या चार दिवसांत जे काही घडलं ते या वाक्यावर उभं राहिलं.

"आतून बिमार?" आई म्हणाली, आणि तिचा हात हळदीच्या डब्याकडे गेला. या खेपेला तिनं वाटी घेतली नाही, कटोरा घेतला.

संध्याकाळी नंबर तीन. कवडीनं टोचलं.

बाबा ऑफिसातून आले. त्यांनी वही वाचली, ठाणेदारिणीला लांबून पाहिलं आणि बूट न काढताच निर्णय दिला. "साथ असनं. एकीची बाकीच्यायले लागते. गुरुवारी बाबुलाल येते, त्याले देऊन टाका."

बाबुलाल म्हणजे मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून गावोगाव कोंबड्या घेत फिरणारा माणूस. त्याच्या टोपलीत गेलेली कोंबडी परत अंगणात दिसत नाही, हे पुनर्वसनातल्या प्रत्येक लेकराला माहीत होतं.

मनालीनं ठाणेदारिणीला उचलून छातीशी धरलं. पण ती आता साधी मुलगी नव्हती, तालुक्यात दुसरी होती. "उपचार न करता निर्णय घेणं हा अन्याय आहे," ती म्हणाली, आणि 'अन्याय' म्हणताना आवाज फाटला.

बाबा विरघळले. बाबा नेहमीच विरघळतात, फक्त त्यांना ते नियमात बसवून विरघळावं लागतं. "ठीक आहे. गुरुवारपर्यंत मुदतवाढ. तिचा नंबर वर आला त ठेवू. नाई आला, त बाबुलाल."

मंगळवारी सकाळी शकुनकाकू कुंपणावरून डोकावल्या. खरं तर त्या सांबाराची तक्रार करायला आल्या होत्या, पण ठाणेदारीण कोपऱ्यात एकटी उभी दिसली आणि त्यांना पाझर फुटला.

"अवं बाई वं! काय झालं वं इले? काल त माह्या वाडीत पाटलिणीसारखी फिरून राहिली होती!"

"बिमार आहे काकू. आतून."

"बिमार-गिमार काई नाई. नजर लागली. मी सांगतो तुले, त्या तुऱ्यालेच लागली. असा तुरा कोणाच्या कोंबडीले आहे का पुऱ्या लेआउटमंधी? मीच परवा म्हटलं होतं, काय तुरा आहे!"

"म्हणजे तुमचीच लागली," आई आतून म्हणाली.

"माही नजर चांगली आहे, निर्मला! माहे दोन्ही पोरं पाह्य, गुटगुटीत!" म्हणत काकू घरी गेल्या आणि काजळाची डबी घेऊन आल्या. नजरेचा टिपका एक असतो. पण कोंबडी हलली, टिपक्याची रेघ झाली. रेघ पुसायला गेल्या तर पट्टा झाला. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसरीकडेही पट्टा काढला. पिवळ्या तुऱ्यावर दोन काळे पट्टे. ठाणेदारीण आता कोंबडीपेक्षा लेव्हल क्रॉसिंगचं फाटक जास्त दिसत होती.

दुपारी नंबर चार. संध्याकाळी नंबर पाच. लांबमानी, जिला आजवर कोणी विचारत नव्हतं, ती ठाणेदारिणीच्या पाठीवर चढून कनकी खात होती.

"आता सरकारी इलाज," बाबा म्हणाले. त्यांनी मंगळवारी रात्रीचं जेवण झाल्यावर अर्ज लिहायला घेतला. मनालीला वाटलं होतं की कोंबडी घेऊन दवाखान्यात जायचं असतं. पण बाबांचा पंचवीस वर्षांचा अनुभव सांगत होता, की या देशात कागदाशिवाय ताप मोजत नाहीत. 'विषय : स्वमालकीच्या कोंबडीच्या खालावलेल्या प्रकृती व क्रमांकाबाबत. संदर्भ : कु. मनालीची वही, पान १ ते ९. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की…' अर्ज दोन पानी झाला. खाली 'प्रत माहितीस्तव' असं लिहून बाबांनी कोणाची नावं घालावी याचा बराच वेळ विचार केला आणि शेवटी शकुनकाकूंचं घातलं.

बुधवारी सकाळी मनाली पिशवीत ठाणेदारीण आणि हातात अर्ज घेऊन जनावरांच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टर मॅडमकडे दोन दवाखान्यांचा चार्ज; त्या आज कारध्याकडे लसीकरणाला गेल्या होत्या. खुर्चीवर गोपीचंदभाऊ होते. ते दवाखान्याचे मदतनीस, पण कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्यापुढे बसल्यामुळे त्यांना थोडं डॉक्टरपण आलं होतं.

"बिल्ला नंबर सांग," गोपीचंदभाऊ म्हणाले.

"कोणता बिल्ला?"

"कानातला. पिवळा राहते. त्यावर बारा आकडे."

मनालीनं पिशवी उघडली. ठाणेदारिणीनं डोकं बाहेर काढलं. गोपीचंदभाऊंनी त्या पिवळ्या-काळ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, कोंबडीले कानात बिल्ला नसते."

"मले माहीत नाई का? पण कॉम्प्युटर विचारते नं! बिल्ल्याशिवाय तो पुढे जातच नाई. जनावर कोणतं? गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी. सांग, काय टाकू?"

"कोंबडी टाका."

"कोंबडी यादीच्या खाली आहे, अन् खाली जाले माऊस चालून नाई राहिला."

शेवटी कॉम्प्युटरला बाजूला ठेवून माणुसकीनं काम झालं. गोपीचंदभाऊंनी अर्ज पूर्ण वाचला, 'भाषा चांगली आहे' म्हणाले, त्यावर आवक नंबर टाकला आणि जांभळ्या औषधाची बाटली काढली. "डॉक्टर मॅडम येईपर्यंत हे. कशावरही चालते." काटा जिथे लागला होता तो ओरखडा आता हळद आणि काजळाखाली सापडेना, म्हणून त्यांनी अंदाजानं सगळीकडेच लावलं.

घरी येऊन मनालीनं ठाणेदारिणीला अंगणात सोडलं. पिवळा, काळा आणि जांभळा. लग्नाच्या मांडवाला जेवढे रंग लागत नाहीत तेवढे एका तुऱ्यावर. कळपानं एकसाथ माना वर केल्या. आणि मग चिमणी पुढे आली. दोन वर्षं न्हाणीची भिंत टोचलेली चिमणी. ती दोन पावलं आली, थांबली, इकडे-तिकडे पाहिलं, कोणी रागावत नाही याची खात्री केली, आणि ठाणेदारिणीच्या डोक्यात एक हलकीशी, घाबरलेली टोच मारली. काहीच झालं नाही. आकाश कोसळलं नाही. चिमणीनं आनंदानं अंगणाला पूर्ण चक्कर मारली.

ठाणेदारीण न्हाणीच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

मनालीनं वहीत 'नंबर ६' लिहिलं आणि तिला पुढचं दिसेना. उद्या गुरुवार. ती ओट्यावर बसली. ठाणेदारीण हळूच येऊन तिच्याशेजारी पसरली, पण भूगोलाच्या पुस्तकावर काही केलं नाही. यावरून बाईचं मन किती मोडलं होतं ते कळावं.

रडून झाल्यावर डोळे साफ होतात, असं मनालीच्या लक्षात आलं ते तेव्हाच. वहीचं पान समोर होतं. डावीकडे वेळ, मध्ये उपचार, उजवीकडे नंबर. सोमवार, हळद : दोन. सोमवार, आणखी हळद : तीन. मंगळवार, काजळ : चार, मग पाच. बुधवार, जांभळं : सहा. ठाणेदारीण खात होती, पीत होती, नाक कोरडं होतं, डोळे चमकत होते. घसरत होता तो फक्त नंबर, आणि तोही दर वेळी कोणीतरी डोक्याला काही लावल्यावर!

मनाली उभी राहिली. बिमारीमुळे औषध नव्हतं. औषधामुळे बिमारी होती. त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं! भुरीसाठी ती ठाणेदारीण नव्हतीच. कोणी परगावची पिवळ्या डोक्याची बाई अंगणात घुसून कनकी खात होती.

आता कोणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? कोंबडीचं डोकं धुतलं असतं. पण मनालीला अतुल सरांचं वाक्य आठवलं : एकदा घडलं तो योगायोग, पुन्हा घडवून दाखवलं ते विज्ञान. गुरुवारी सकाळी बाबा ऑफिसला आणि आई दळणाला गेल्याबरोबर तिनं हळद-तेलाची वाटी घेतली आणि भुरीच्या तुऱ्याला फासली. पाच मिनिटांत कवडीनं भुरीला टोचलं! नंबर एक वरून खाली! मनाली आनंदानं नाचली. मग वाटलं, दोन उदाहरणं कमी आहेत. तिनं कवडीला लावली. मग काळीला. लांबमानीला लावताना तिला थोडी शंका आली, पण वाटीत उरली होती, आणि शेवटी ती निर्मलाबाईंचीच मुलगी होती. चिमणी स्वतःच मध्ये आली.

आता अंगणात कोणीच कोणाच्या ओळखीचं नव्हतं. सहाही जणी एकमेकींकडे पाहत होत्या, जणू चुकीच्या लग्नाला आल्या आहेत. आणि मग जे युद्ध पेटलं त्याचं वर्णन करायला दुसरी वही लागेल. पिसं उडाली, घमेलं पालथं झालं, चिमणीनं सगळ्यांना टोचलं आणि नवरदेव स्कूटरच्या सीटवर चढून मदतीसाठी ओरडायला लागला.

याच क्षणी फाटकाशी मोटरसायकल थांबली. बाबुलाल.

त्यानं पाहिलं : सहा पिवळ्या डोक्यांच्या कोंबड्या, एकीचं डोकं जांभळंही, आणि मधोमध कोपरापर्यंत पिवळे हात झालेली मुलगी.

"मनाली बाई," बाबुलाल अगदी हळू म्हणाला, "कधीपासून आहे हे?"

"सोमवारपासून. आधी एकीलेच होतं. आज सगळ्यायले झालं." मनाली खरं तेच बोलली.

बाबुलालनं मोटरसायकल वळवली नाही, उचलूनच फिरवली.

वीस मिनिटांत ग्रामपंचायतीचा भोंगा सुरू झाला. रोज त्यावरून पाणीपट्टीची आठवण होते. आज आवाज आला : "ऐका हो! प्लॉट नंबर सत्तावीस, तुलाराम बाबूच्या घरी, कोंबड्यायले पिवळी बिमारी आली आहे. बिमारी डोक्यापासून सुरू होते. लोकायनं आपापल्या कोंबड्या झाकून ठेवाव्या. तुलाराम बाबूच्या घरी कोणी जाऊ नये!"

त्यामुळे साहजिकच सगळं गाव तुलाराम बाबूच्या घरी आलं. फाटकाबाहेर पंचायतीच्या माणसानं चुन्याची रेघ मारली आणि लोक रेघेला पाय लावून उभे राहिले. आई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन आली. तिला स्वतःच्याच घरात सोडेनात. शकुनकाकू सगळ्यांना सांगत होत्या, "मले काल मनालीनं अर्जाची कॉपी देल्ली आहे, माहं नाव आहे त्याच्यात!" बाबा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून आले. पंचवीस वर्षांत त्यांचं नाव पहिल्यांदाच लाउडस्पीकरवर आलं होतं, आणि ते असं.

"मनाली," बाबा रेघेबाहेरून म्हणाले, "हे काय?"

"बाबा, याचे…" मनालीनं सुरुवात केली. पण दीडशे माणसं बघत होती, हात पिवळे होते, केसांत पिसं होती, आणि पैलू एकही सुचेना.

तेवढ्यात जीप आली. डॉक्टर मॅडम उतरल्या. मास्क, हातमोजे, मागे पेटी घेऊन गोपीचंदभाऊ. गर्दी चार पावलं मागे सरकली. मॅडमनी चिमणीला उचललं, पिवळ्या तुऱ्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाजवळ नेलं आणि मास्क खाली केला.

"ही फोडणीची हळद आहे का?"

इतकी शांतता झाली की नवरदेवाचं खोकणं ऐकू आलं.

"हो," मनाली म्हणाली. आवाज बारीक निघाला. मग तिनं वही उचलली, कारण वही हातात असली की माइक असल्यासारखं वाटतं, आणि सगळं सांगितलं. काटा, हळद, नंबर दोन. काजळ, नंबर पाच. जांभळं, नंबर सहा. आणि सगळ्यात अवघड ते शेवटी : "ती बिमार आहे असं मीच सांगितलं होतं. मी चुकली. ती बिमार नाही. बाकीच्या तिले ओळखूनच नाई राहिल्या. अन् आजचं जे झालं, ते प्रयोग होता."

"हळद कोणी लावली होती पहिले?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. आईनं दळणाचा डबा चेहऱ्यासमोर धरला.

मॅडमनी ठाणेदारिणीला घेतलं. डोळे पाहिले, नाक पाहिलं, गळ्यातली दाण्याची पिशवी चाचपली, पंख उचलून पाहिले, शेपटीखाली पाहिलं. "ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "आणि तू वाचलं होतं ते चूक नाही हं. कोंबडी अचानक खाली घसरली तर आधी तब्येतच बघायची. पण त्या एकमेकींना डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात. तुम्ही तर तिचा चेहराच बदलून टाकला! धुवा सगळ्यांना."

कोमट पाणी आलं. चुन्याची रेघ ओलांडून आधी शकुनकाकू आल्या, कारण काजळ त्यांचं होतं. मग आई. मग बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि काळीला असं धरलं जसं कोणी महत्त्वाची फाइल धरतं. हळद निघाली, काजळ निघालं. जांभळं काही निघेना. गोपीचंदभाऊ खाली मान घालून पुढे आले, पेटीतून स्पिरिट काढलं आणि कापसानं हळूहळू, डोळ्याला लागू न देता, अर्धा तास ते एकटे पुसत बसले. खालून लाल दिसू लागलं. आधी एक टोक, मग दुसरं.

"पण नंबर वर आला पाहिजे," बाबुलाल रेघेपलीकडून म्हणाला. तो परत आला होता, आणि गर्दीत त्याला शकुनकाकूंकडून मुदतीची गोष्ट कळली होती. "तुलाराम बाबूनं गुरुवारपर्यंतच म्हटलं होतं."

बाबांनी मनालीकडे पाहिलं. त्यांना शब्द मोडता येत नव्हता, आणि ठेवावासाही वाटत नव्हता.

मनालीनं घमेल्यात कनकी टाकली. भुरी आली, मागोमाग बाकीच्या आल्या. ओल्या, पिंजारलेल्या, पण आपापल्या चेहऱ्याच्या. ठाणेदारीण भिंतीपाशीच उभी होती. चार दिवस मार खाल्लेली कोंबडी पुन्हा पुढे येईल का, हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"जा नं वं," शकुनकाकू पुटपुटल्या. "जा बाई. माहा सांबार खाजो उद्या, पण जा."

ठाणेदारिणीनं एक पाय उचलला. तो तसाच धरला. मग टाकला. मग दुसरा. धावली नाही. भुरीनं मान तिरकी करून एका डोळ्यानं पाहिलं. दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. आणि 'अगंबाई, तुम्ही होय!' असं तोंड करून मागे सरकायला लागली. पण जरा उशीरच झाला होता. मानेवर फाडकन एक बसली.

भुरीनं कवडीला टोचलं, कवडीनं काळीला, काळीनं लांबमानीला. टपाल चालू झालं.

पुनर्वसनात असा टाळ्यांचा कडकडाट पूर्वी कधी झाला नव्हता. बाबा गोपीचंदभाऊंना मिठी मारत होते. पंचायतीचा माणूस भोंग्याकडे पळाला, कारण तुलाराम बाबूंनी दुरुस्तीपत्रक तोंडी सांगितलं होतं. गोपीचंदभाऊंनी भेटीचा फॉर्म काढून विचारलं, "मॅडम, रोगाच्या रकान्यात काय लिहू?" मॅडमनी पेन घेऊन स्वतःच लिहिलं : 'अति उपचार.'

"भाऊ, टोपल्या रिकाम्या घेऊन जा," आई बाबुलालला म्हणाली. "ही आमची विकाची नाई. अन् मनाली, तू कायची रडून राहिली आता? लिह नं तुह्या वहीत!"

मनाली डोळे पुसून घमेल्याजवळ वाकली. वही गुडघ्यावर ठेवली, पेनचं टोपण काढलं, आणि कनकीचा एक सांडलेला दाणा सहज बाजूला सारायला हात पुढे केला.

ठाणेदारिणीनं तिच्याकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. आणि मनगटावर अशी सणसणीत टोच दिली की वही एकीकडे आणि मनाली दुसरीकडे.

गावकऱ्यांच्या हसण्यात मनाली धुळीत बसल्या बसल्या इतकी हसली की तिला लिहिता येईना. हात चोळत तिनं 'नंबर १'पुढे ठाणेदारिणीचं नाव घातलं, आणि भुरीच्या आधी, दोन नंबरला, स्वतःचं.